टायरातले मणी आणि आपले रस्ते

पुढचं चाक सत्तर-ऐंशीच्या घरात थरथरायला लागलं की हल्ली पोरं मेकॅनिककडे जायच्या आधी मोबाइल काढतात आणि बॅलन्सिंगचे मणी मागवतात. सिरॅमिकचे किंवा काचेचे, मोहरीएवढे, गुळगुळीत गोल. व्हॉल्व्हची पिन काढायची, सोबत आलेल्या बाटलीने मणी टायरात सोडायचे, हवा भरायची, संपलं. रिमवर शिशाचे तुकडे चिकटवायला नकोत की टायरच्या दुकानात ताटकळायला नको. चाक फिरलं की मणी आपोआप हलक्या बाजूला जाऊन बसतात आणि तोल सावरतात, असं पुडीवर छापलेलं असतं. ते खोटं नाही. पण कुठल्या वेगाला, कुठल्या रस्त्यावर आणि कुठल्या पंक्चरवाल्याच्या हातात ते खरं ठरतं, एवढं छापायला पुडीवर जागा नसते. मी नगरला तंत्रनिकेतनात वर्कशॉप शिकवतो. माझ्या साडेतीनशे सीसीच्या गाडीत हे मणी जवळजवळ एक गळीत हंगाम फिरले, आणि आता वर्गातली पोरं अधूनमधून विचारतात, "सर, टाकू का?" त्यांना तुकड्यातुकड्याने जे सांगतो ते एकदा सलग लिहून काढतो.

आमच्या वडिलांच्या पिढीला दुचाकीचं चाक बॅलन्स करतात हे ठाऊकच नव्हतं, आणि त्यांचं काही अडलंही नाही. १९७२ साली आलेली लुना इथेच, दौंड रस्त्यावरच्या कायनेटिकच्या कारखान्यात बनायची. नगरमध्ये घरटी एक लुना असल्यासारखे दिवस होते ते. त्या लुनेच्या चाकाचा तोल कुणी पाहिला नाही, कारण पाहायची गरजच नव्हती. चाकाच्या एका बाजूला जादा वजन असेल तर ते बाहेर ओढ घेतं, आणि ही ओढ वेगाच्या वर्गाने वाढते. माझ्या गाडीला पुढे १९ इंची चाक आहे. त्याच्या रिमवर एका जागी नुसते १० ग्रॅम जास्त आहेत असं धरा. ताशी ४० ला त्याची ओढ तीनशे ग्रॅमच्याही आत राहते, हाताला कळत नाही. ताशी ८० ला तीच ओढ चौपट होते, किलोभराहून थोडी जास्त, आणि ती चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात एकदा वर, एकदा खाली अशी बसते. ८० ला हे चाक सेकंदाला साधारण ११ फेरे घेतं. सेकंदाला ११ वेळा किलोभराचा झटका हँडलमध्ये येणार, मग तळहाताला मुंग्या आल्या नाहीत तरच नवल. लुना चाळीस-पन्नासच्या पुढे फारशी जायचीच नाही, तिला हा हिशेब लागू नव्हता.

आता मणी काय करतात. टायरात सुटी असलेली वस्तू चाकाच्या जड बाजूकडे जाईल की हलक्या, असं विचारलं तर वर्गातली निम्मी पोरं जड बाजू सांगतात, निम्मी हलकी. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, आणि सगळी गोम तिथेच आहे. घरी वरून कपडे टाकायचं वॉशिंग मशीन असेल तर ड्रमच्या तोंडाशी प्लास्टिकचं जाड कडं असतं. ड्रम हलवला की त्यात पाणी डुचमळल्याचा आवाज येतो. ते खारं पाणी याच कामासाठी भरलेलं असतं. ओले कपडे एका बाजूला गोळा झाले की जोरात फिरताना पाणी समोरच्या बाजूला सरकतं आणि ड्रम सावरतो. पण ड्रम वेग घेत असताना मधेच एक टप्पा येतो तेव्हा मशीन जागेवर थयथय नाचतं. त्या टप्प्याच्या खाली पाणी कपड्यांच्याच बाजूला गेलेलं असतं. फिरणाऱ्या वस्तूला तिच्या आधारावर स्वतःची एक हलण्याची गती असते. फेऱ्यांचा वेग त्या गतीच्या खाली असेल तर सुटं वजन जड बाजूला जाऊन बिघाड वाढवतं. वेग त्याच्या बराच वर गेला की मगच ते समोर जाऊन मदत करतं.

हे फळ्यावर काढून पोरांच्या गळी उतरत नाही, म्हणून आम्ही एक खेळ केला. मुखवासाची पारदर्शक चपटी डबी घेतली, तिच्या कडेला आतून एक नट फेविक्विकने चिकटवला, चिमूटभर मणी टाकले आणि डबी ड्रिल मशीनवर चढवली. ड्रिल मशीन चार स्प्रिंगांवर टांगलं. हळू फिरवलं तर मणी नटाच्या शेजारी गर्दी करून बसले आणि ड्रिल हातभर झोके घेऊ लागलं. वेग वाढवला, मधे एकदा सगळं खडखडलं, आणि मग मणी सरकून नटाच्या समोर गेले. ड्रिल जवळजवळ शांत. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग तेच ड्रिल व्हाइसमध्ये घट्ट आवळलं तर मण्यांना कुठली बाजू निवडावी हेच कळेना. आधार हलायला मोकळा नसेल तर त्यांना जड-हलकं कळायला मार्गच नसतो.

गाडीच्या चाकाला टायर, स्प्रिंग आणि चाकाचं वजन मिळून स्वतःची उडी असते, सेकंदाला साधारण १० ते १५ वेळा. आणि वर सांगितलं तसं ८० ला माझं चाक सेकंदाला ११ फेरे घेतं. म्हणजे कायद्याने ज्या वेगापर्यंत जाता येतं तिथे आपण नेमके त्या खडखडणाऱ्या टप्प्याच्या तोंडाशी किंवा पोटात असतो. २०१८ सालच्या केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणे दुचाकीला चौपदरी रस्त्यावर ८० आणि इतर रस्त्यांवर ६० ची मर्यादा आहे. मण्यांचं कौतुक प्रामुख्याने अमेरिकेतून येतं. तिथे लांब पल्ल्याच्या ट्रकांच्या टायरांत मणी टाकण्याची पद्धत आहे, आणि मोठ्या जड मोटारसायकली सव्वाशेच्या वेगाने तासन्‌तास सरळ रस्त्यावर जातात. त्यांचा अनुभव मी खोटा म्हणत नाही. आपल्या जिल्ह्यात तसा रस्ता एकच, कोपरगाव तालुक्यातून जाणारा समृद्धी महामार्ग, आणि त्यावर दुचाकीला बंदी आहे!

बाकी आमच्या वाट्याला काय येतं ते नगर-मनमाड रस्त्याने राहुरी-कोल्हार करणाऱ्याला सांगायला नको. नगरला वाहननगरात व्हीआरडीई आहे, संरक्षण खात्याची वाहनं तपासायची प्रयोगशाळा. तिथे वेगवेगळे ट्रॅक बांधलेले आहेत, त्यांच्यावर गाड्यांची परीक्षा होते. कुंपणाबाहेरच्या आम्हा लोकांची परीक्षा मनमाड रस्त्यावर होते. खड्ड्याचा मण्यांशी काय संबंध? टायर जमिनीला टेकतो तिथे तो सपाट होतो. गोलाईवर फिरताना मणी टायरला दाबून धरलेले असतात, पण त्या सपाट तुकड्यावरून जाताना हा दाब क्षणभर सुटतो. गुळगुळीत रस्त्यावर त्याने फारसं बिघडत नाही. खड्ड्याच्या कडेवर टायर जोरात चेपला की मणी विखुरतात आणि पुन्हा जागा शोधायला लागतात. त्यांनी जागा धरेपर्यंत पुढचा खड्डा आलेला असतो. करंजी घाट उतरताना तर वेग तीस-चाळीस, सतत ब्रेक. तिथे मण्यांना कामच नाही, नुसतं ओझं.

माझ्या गाडीचं असं झालं. पुढचा टायर नवा टाकला. दुकानात बॅलन्सिंगचं विचारलं तर मालक म्हणाला, "दुचाकीला कोण करतं? मशीन फक्त चारचाकीचं आहे." नव्या टायरवर पुण्याच्या रस्त्याला लागलो, सुपा ओलांडलं, ७५ च्या पुढे हँडलमध्ये बारीक थरथर. सातत्याने, तेवढ्याच वेगाला. मण्यांबद्दल वाचलेलं होतं, तत्त्वही माहीत होतं, प्रत्यक्ष पाहावं म्हणून मागवले. पुढे एक औंस म्हणजे २८ ग्रॅम आणि मागे दोन औंस. आत सोडायला वाटला त्याच्या तिप्पट वेळ गेला. व्हॉल्व्हच्या नळीत मणी अडकून बसतात, टिचक्या मारत, बाटली पिळत बसावं लागतं. गाडी हाताने ढकलली की टायरातून वाळू सरकल्यासारखा आवाज येई. पार्किंगमधले लोक वळून बघायचे.

थरथर कमी झाली का? थोडी. त्यात मण्यांचा वाटा किती आणि पैसे खर्च केल्याचा किती, हे प्रामाणिकपणे सांगता येणार नाही.

तोवर उसाचा हंगाम सुरू झाला. आमच्याकडे पंक्चरचाही हाच हंगाम. प्रवरानगरला सहकारी कारखाना निघाल्यापासून या जिल्ह्यात उसाच्या बैलगाड्यांचा राबता आहे, आणि बैलांच्या खुरांना पत्र्या मारलेल्या असतात. डांबरावर चालून पत्री सैल होते, तिचा खिळा रस्त्यावर पडतो आणि नेमका मागच्या टायरात शिरतो. नेवाशाहून परत येताना वडाळा बहिरोबाच्या अलीकडे मागचं चाक लडबडलं. पंक्चरवाल्याचं दुकान म्हणजे एक टपरी, एक कंप्रेसर, लिंबाखाली पाण्याचा टब. पोरगा विशीतला. त्याने पकडीने खिळा उपसला, भोकात रिमर घातला, फिरवला आणि बाहेर काढला, तर हवेच्या सुसाट्याबरोबर मणी उडाले. काही त्याच्या तोंडावर, काही टबात. तो दोन पावलं मागे सरला. "काका, साबुदाणा भरलाय का काय टायरात?" मी समजावलं. त्याने ऐकून घेतलं, चिकट वात भोकात ठोकली, पण एक मणी वातीच्या कडेला अडकून राहिला. साबणाचं पाणी लावलं तर बुडबुडे यायचे थांबेनात. वात उपसून पुन्हा मारावी लागली. मग हवा. त्याच्या कंप्रेसरच्या टाकीतलं पाणी कधी सोडलं असेल देव जाणे. नळीतून आधी पाण्याचे थेंब आले, मग हवा आली.

"पुढच्यातही बघू का?" त्याने विचारलं आणि मी हो म्हणायच्या आत गेज लावलं. पुढचा व्हॉल्व्ह त्या वेळी नेमका खाली, जमिनीच्या बाजूला होता. गाडी उभी असली की मणी टायरच्या तळाशी पडून असतात, म्हणजे व्हॉल्व्हच्या तोंडाशीच. गेजने पिन दाबली, हवा बाहेर यायला लागली, तिच्याबरोबर एक मणी पिनेच्या रबराखाली येऊन बसला. आवाज काही येत नव्हता. टोपी लावली आणि निघालो. घोडेगाव मागे गेलं. हँडल जड वाटायला लागलं तेव्हा म्हटलं वारा असेल. पांढरी पुलावर चहाला थांबलो आणि सहज टायरवर बूट दाबला तर टायर आत गेला. पुढे इमामपूरचा घाट होता. वळणात पुढचा टायर मऊ असला की गाडी आपल्या मर्जीने जात नाही, तिच्या मर्जीने जाते. त्या दिवशी चहाची तलफ आली नसती तर वळणातच कळलं असतं.

मण्यांसोबत जाळी असलेली व्हॉल्व्ह पिन मिळते. ती मागच्या चाकाला बसवली होती, पुढच्याला जुनीच राहिली, कारण पुढच्या व्हॉल्व्हमध्ये ती नीट आवळली जात नव्हती. मण्यांच्या बाबतीत बारीकशा गोष्टींची ही साखळी असते. जाळीची पिन, कोरडी हवा, व्हॉल्व्ह वरच्या बाजूला ठेवून हवा तपासणं. यातली एक कडी निसटली तरी पुरे. आणि व्हॉल्व्हच्या टोपीच्या जागी बसणारे हवेचे सेन्सर हल्ली बरेच जण लावतात. ते पिन कायम दाबून ठेवतात, म्हणजे मण्याला दार सताड उघडं. दोन्ही एकत्र ठेवायचे नाहीत.

वर्कशॉपमध्ये दोन्ही टायर उघडले. मागच्यात ओल्या हवेने मण्यांचे करडे गोळे झाले होते, बोटाने चिरडले तर सुटत, पण आपोआप सुटणारे नव्हते. टायरच्या आत जिथे रबराचा जोड असतो तिथल्या उंचवट्याला एक रांग अडून बसली होती. खरी गंमत पुढच्या टायरात होती. रिमच्या कडेला लागून टायरवर एक बारीक उठावाची रेघ असते. ती रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. माझ्या टायरवर ती व्हॉल्व्हच्या समोरच्या वितभर भागात आत गडप झाली होती. टायर तिथे रिमवर पूर्ण चढलाच नव्हता. म्हणजे चाक गोल नव्हतं, आणि गोल नसलेल्या चाकाला मणी काय करणार? टायर उतरवला, रिमची कड घासून साफ केली, साबणाचं पाणी लावलं, टायरच्या बाजूवर छापलेल्या कमाल मर्यादेच्या आत राहून हवा भरली. दोनदा फट्‌ असा आवाज झाला आणि रेघ सगळीकडे सारखी दिसू लागली. नंतर चाक बॅलन्स केलं तेव्हा २० ग्रॅम पुरले. थरथर गेली ती गेलीच.

म्हणून माझ्याकडे विचारायला येणाऱ्याला मी पहिलं काम हे सांगतो: मेन स्टँड लावा, इंजिनखाली ओंडका घालून पुढचं चाक अधांतरी करा. मेन स्टँड नसेल तर गाडी धरायला एक जण हवा. चाक हाताने फिरवा आणि फोर्कला टेकवून पेन्सिलचं टोक रिमजवळ धरा. रिमचं अंतर कमीजास्त होत असेल तर मेकॅनिक म्हणतात तसं रिंग आऊट आहे. तारांची रिम असेल तर तारा आवळून आऊट काढता येतो. अलॉयला खड्ड्याने मार बसला असेल तर ती सरळ करून घेण्यापेक्षा बदलणं बरं, हे माझं मत. मग पेन्सिल टायरच्या मध्यावर न्या. टायर वरखाली होत असेल तर तो नीट बसलेला नाही, किंवा त्याला फुगा आला आहे. फुगा आलेला टायर त्याच दिवशी बदला. त्याच्यावर पुण्याला जाऊन येऊ, मग बघू, हे नाही. त्यानंतर फोर्कच्या खालच्या टोकांना धरून पुढे-मागे हलवा. 'टक' जाणवलं तर कोन सेट, म्हणजे हँडल ज्यावर वळतं ते बेअरिंग, सैल आहे. हँडल हळूच डावीकडून उजवीकडे न्या. मधोमध खाचेत अडकल्यासारखं वाटलं तर कोन सेट खराब झाला आहे. चाक वर-खाली धरून आडवं हलवा, बेअरिंग कळेल. यातलं काही निघालं तर मणी, शिसं, काहीच उपयोगाचं नाही.

चालवताना ओळखायची एक ढोबळ खूण सांगतो. ठरावीक वेगाला, साधारण सत्तरच्या पुढे थरथर सुरू होत असेल, वेग कमी केला की थांबत असेल, तर तोल बिघडल्याची शक्यता मोठी. वेग कमी करताना चाळीस-पन्नासला हँडल डोलत असेल तर आधी पुढचा टायर आणि कोन सेट बघा. थरथर हँडलपेक्षा सीटमध्ये आणि फूटरेस्टमध्ये जास्त असेल तर मागचं चाक. हे पाहायला हात सोडून गाडी चालवायची नाही. पोरं करतात, म्हणून लिहितो.

बॅलन्सिंग घरी होतं, आणि दुचाकीच्या अरुंद चाकाला तेवढं पुरतं. चाक काढा. त्यात त्याचाच एक्सल घालून एक्सलची दोन टोकं सारख्या उंचीच्या दोन स्टुलांवर टेकवा. मागच्या चाकाला चेनची झंझट आहे, म्हणून सवय होईपर्यंत पुढच्यावरच हात बसवा. डिस्क तशीच राहू द्या, तीही चाकाबरोबर फिरते. चाक हलकेच फिरवून सोडा. जड बाजू खाली येऊन थांबेल. तिच्या बरोबर समोर, वर, खडूने खूण करा. पुन्हा फिरवा. दोन-तीनदा तीच खूण वर आली तर खात्री. तिथे रिमवर ५ ग्रॅमचा तुकडा टेपने लावा आणि खूण घड्याळात तीनच्या जागी आणून सोडा. खूण वर निघाली तर अजून वजन हवं, खाली गेली तर जास्त झालं. कुठल्याही जागी सोडलं तरी चाक तिथेच राहिलं की झालं. ऑइल सीलची पकड असते, त्यामुळे शेवटच्या पाच-सात ग्रॅमला चाक दाद देत नाही, तेवढं सोडून द्या. ५ ग्रॅमच्या चिकट वजनाच्या पट्ट्या चारचाकीच्या टायरवाल्याकडे मिळतात. लावायच्या आधी रिम पेट्रोलच्या फडक्याने पुसा, नाहीतर पहिल्या धुलाईत पट्टी उडेल. तारांच्या रिमला पट्टीसाठी जागा नसते. तिथे सोल्डरिंगची जाड तार निपलजवळ स्पोकला घट्ट गुंडाळायची आणि वरून टेप मारायचा. ५०-६० ग्रॅमच्या वर लागायला लागलं तर थांबा, टायर किंवा रिममध्येच काहीतरी आहे. नवा टायर चढवताना त्यावर पिवळा ठिपका असेल तर तो व्हॉल्व्हसमोर आणा. ती टायरची हलकी बाजू असते आणि व्हॉल्व्हचं वजन तिथे कामी येतं. टायरवाल्याला हे आधी सांगा, चढवून झाल्यावर सांगितलं तर तो तुमच्याकडे बघेल फक्त.

जेलचा मुद्दा राहिला. बाभळीच्या काट्यांचा हा मुलुख. पाथर्डी, जामखेड, कर्जतकडे शेतातून ये-जा करणाऱ्याने टायरात पंक्चरचं जेल टाकलेलं असतंच, आणि ते टाकावंच, काट्याची भोकं बसल्या जागी बुजतात. पण जेल असलेल्या टायरात मणी टाकायचे नाहीत आणि मणी असलेल्यात जेल टाकायचं नाही. दोन्ही मिळून चिकट खडे होतात. जेलने चाक बॅलन्स होतं असंही काही जण सांगतात. उलट गाडी रात्रभर उभी राहिली की जेल खाली गोळा होतं आणि सकाळी पहिला किलोमीटर-दोन किलोमीटर चाक जास्तच हलतं. पसरलं की थांबतं. माझ्या हिशेबाने आपल्या जिल्ह्यात मण्यांचा निकाल इथेच लागतो. ज्याला जेल हवं त्याला मणी वर्ज्य, आणि जेल जवळजवळ सगळ्यांना हवं असतं.

मग मणी कुणी घ्यावेत? ज्याची गाडी मोठी, चाकं जड, रस्ता बहुतेक चौपदरी आणि पंक्चर स्वतः काढायची सवय, त्याने हवं तर. टायर झिजतो तसा तोल बदलतो आणि मणी त्याबरोबर जुळवून घेतात, शिशाची पट्टी तशीच राहते. हा फायदा खरा आहे. टायर बदलताना मणी गोळा करून पुन्हा वापरता येतात, हाही. ट्यूबच्या चाकात ते ट्यूबमध्ये टाकावे लागतात, आणि मग प्रत्येक पंक्चरला ट्यूबचं भोक आणि मणी यांचा मेळ घालत बसावं लागतं. त्यापेक्षा सोल्डरची तार बरी. कुणी स्वस्तात म्हणून खेळण्यातल्या बंदुकीचे प्लास्टिकचे छर्रे टाकतात. ते घासून त्यांची पूड होते, तेवढं करू नका.

टाकलेच असतील तर चार गोष्टी पाळा. दोन्ही चाकांना जाळीची पिन. हवा तपासताना आणि भरताना व्हॉल्व्ह वर, बाराच्या जागी. कंप्रेसरच्या टाकीतलं पाणी सोडायला सांगा, नाहीतर घरचा पायपंप वापरा. मशीनवर बॅलन्सिंग करायला चाक देणार असाल तर आधी मणी काढा, आत सुटे मणी असताना मशीन दर वेळी वेगळा आकडा दाखवतं आणि तो माणूस तुमच्या चाकाला पट्ट्या लावत सुटतो. काढायचे असतील तर चाक जुन्या चादरीवर आडवं ठेवून एकच बाजू सोडवा, म्हणजे मणी चादरीवर पडतील, वर्कशॉपभर नाही. आमच्या शेडमध्ये अजून झाडूत सापडतात. आणि रिमवर, व्हॉल्व्हच्या शेजारी, पांढऱ्या रंगाने ठळक अक्षरांत लिहून ठेवा: 'आत मणी आहेत, व्हॉल्व्ह वर करा'. तुम्ही गाडीजवळ नसताना भाऊ, पुतण्या, शेजारी, कुणी ना कुणी हवा भरायला नेतोच.